हवा कुठून शिरते

चढ निम्मा झाला आणि टेंपोनं पहिला आचका दिला. टेंपोवालीला तो आधी तळपायाला कळला, मग कानाला. पायाखालचं पेडल खाली जात होतं, पण इंजिनाचा आवाज वाढत नव्हता. दम्याचा म्हातारा जिना चढताना करतो तसं ते नुसतं घुं-घुं करत होतं. तिनं गिअर उतरवला. दुसरा आचका बसला, तिसरा बसला, आणि मग सगळं एकदम गप्प झालं. मागं दुधाचे कॅन एकमेकांवर आपटले तेवढाच आवाज.

हँडब्रेक ओढून ती खाली उतरली आणि मागच्या चाकाला दगड लावला. दगड शोधावा लागला नाही. कालचाच तिथं पडला होता.

ऊन अजून कोवळं असायला हवं होतं, पण या उन्हाळ्यात ऊन कोवळं राहतच नव्हतं. विहिरींनी तळ गाठला होता. चाऱ्यावाचून जनावरं आटली होती. बादलीभर देणारी गाय तांब्याभर देत होती, आणि म्हणूनच त्या तांब्याला मान आला होता. दारोदार तांब्या-तांब्यानं गोळा केलेलं ते दूध खिंडीपलीकडच्या केंद्रावर वेळेत पोचवायचं, एवढंच टेंपोवालीचं काम. एवढंच, पण दिवसातून दोनदा, आणि नवऱ्याचा खुबा मोडल्यापासून एकटीनं.

तिनं बॉनेट उघडलं. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू पान्यानं सैल केला आणि अंगठ्यानं हातपंप मारायला लागली. स्क्रूच्या तोंडातून आधी फेस आला, साबणासारखा पांढरा. मग फेस आणि डिझेल. मग नुसतं डिझेल. हाताच्या भेगांमध्ये ते चरचरलं. गाडीनं हवा धरली होती, डिझेलच्या वाटेत कुठून तरी हवा शिरत होती. काल धरली होती, परवा धरली होती, आज परत.

मोटरसायकलवरून एकजण वर चालला होता. त्यानं वेग कमी केला, पण पाय काही टेकवला नाही.

"वहिनी, जरा दमानं घ्या. गाडी आहे ती, चूल नाही फुंकायला."

"दमानंच घेतेय," ती म्हणाली. तोवर तो वळणापार गेला होता.

स्क्रू आवळून तिनं गाडी चालू केली. वळणापर्यंत पोचली, परत बंद पडली. परत दगड, परत पाना, परत फेस.

केंद्रावर पोचली तेव्हा बाकीच्या गाड्या रिकाम्या होऊन परत निघाल्या होत्या. केंद्राच्या साहेबानं कॅनांची झाकणं एकेक करून उघडली, नाक जवळ नेलं. दोन कॅनांपाशी थांबला. त्यातलं थोडं दूध नळीत घेऊन दिव्यावर धरलं. नळीला आतून फाटल्या दुधाचे कण चिकटले.

"हे दोन परत न्या."

"साहेब, गाडी हवा धरतेय. चढावर डिझेलचा दाबच राहत नाही."

"गाडी काय धरते ते मला नका सांगू, बाई. दूध काय धरतं ते मी बघतो." त्यानं नळी धुवायला टाकली. "मालक बरे होईपर्यंत म्हणून मी गप्प बसलो. आता लोक बोलायला लागलेत. असंच चाललं तर पुढच्या आठवड्यापासून तुमच्या गावाचं दूध त्या नव्या गाडीवाल्याला सांगावं लागेल."

नासलेले कॅन तिनं परत गाडीत चढवले. भरलेला कॅन उतरवताना जेवढा जड लागतो त्याच्या दुप्पट परत चढवताना लागतो, हे तिला त्या उन्हाळ्यात कळलं होतं. गावात ज्यांचं दूध होतं त्यांच्या दारात जाऊन तिनं स्वतः सांगितलं. कुणी भांडलं नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "गायीला मी माझ्या वाटणीचं पाणी पाजलं होतं गं." यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

घरी नवरा ओसरीवरच्या खाटेवर पडून वाटच बघत होता. भरल्या टेंपोवर दोर आवळताना दोर तुटला आणि तो पाठीवर पडला, तेव्हापासून त्याचं चालवणं बंद होतं, पण गावानं ड्रायव्हर हे नाव काही काढून घेतलं नव्हतं. कुबड्या भिंतीला टेकलेल्या.

"कुठं बंद पडली?"

"वळणाच्या अलीकडं. मग वळणावर."

"कितव्यावर होतीस?"

"दुसऱ्यावर."

"तिथं तिसऱ्यावर जाते ती. तू दुसऱ्यावर ओरडवतेस, क्लच अर्धा दाबून ठेवतेस, मग ती काय करणार? माझ्या हातात एवढी वर्षं कधी बंद पडली नाही." तो छताकडं बघत म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं."

अंगणात सासू राखेनं कॅन घासत बसली होती. पाणी वाचवायचं म्हणून आधी राख आणि मग एकाच बादलीत सगळे कॅन. ती मान वर न करता म्हणाली, "अंगणात तू तरी कुठं नाचतोयस रे?"

ड्रायव्हरनं भिंतीकडं तोंड केलं.

 दोष गाडीचा की आपल्या पायाचा, टेंपोवालीला खरंच माहीत नव्हतं. दिवसभर लोक एकच सांगत राहिले की माणसाला ते खरं वाटायला लागतं. चढ आला की तिचे गुडघे आधीच ताठ व्हायचे. कदाचित पाय जड पडतही असेल.

गाडी मिस्त्रीला दाखवून झाली होती. त्यानं फिल्टर बदलला, पाइपांच्या जोडांना नवी वायसरं घातली, आणि स्वतः चढावर फिरवून आणली. तेव्हा गाडी एखाद्या गरीब गायीसारखी वागली. "परत त्रास दिला तर डिझेल ओढणारा मोठा पंप खोलावा लागेल," मिस्त्री म्हणाला होता. "गाडी सोडून जावी लागेल माझ्याकडं. केव्हा होईल ते आत्ता सांगता येणार नाही." गाडी सोडून जायची म्हणजे गावाचं दूध सोडून जायचं.

दुपारच्या फेरीआधी डिझेल घ्यायला ती पंपावर थांबली. टाकीचा काटा कधीच मेला होता, म्हणून ती टाकीत काडी घालून बघायची. काडी अर्ध्याच्या बरीच खाली भिजली होती. केंद्रावरची धमकी डोक्यात होती. निदान डिझेल संपून तरी गाडी थांबू नये म्हणून तिनं टाकी काठोकाठ भरून घेतली.

त्या दुपारी गाडी खिंड चढून गेली. एकदाही कुरकुरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीही चढली. दुपारी वळणावर एक आचका दिला, पण चढली. त्याच्या पुढच्या सकाळी परत पहिल्यासारखी मेली.

दगड लावून ती बॉनेटकडं निघाली, आणि मध्येच थांबली. मागं वळून तिनं टाकीचं झाकण काढलं, काडी आत घातली. भिजल्याची खूण अर्ध्याखाली होती. तिला मिस्त्रीची फेरी आठवली. त्या दिवशीही मिस्त्रीकडं जायचं म्हणून तिनं वाटेत टाकी भरली होती.

घरी आल्यावर ती खाटेपाशी उभी राहिली.

"टाकी भरली की चढते. अर्ध्याखाली गेली की मरते."

"टाकी भरून ताकद यायला ती काय बैल आहे?" ड्रायव्हर म्हणाला. पण त्यानं तोंड भिंतीकडं केलं नाही. उलट विचारलं, "काडी कुठवर भिजली होती?"

तिनं बोटानं दाखवलं.

"आणि भरली तेव्हा सरळ गेली? वळणावरसुद्धा?"

"सरळ गेली."

तो कोपरावर उठला. वेदनेनं तोंड वाकडं झालं, तरी उठला. "मोठा पंप गेला असता तर टाकी भरलेली असो की रिकामी, तो गेलेलाच राहिला असता." तो स्वतःशीच बोलत होता. "हवा पंपाच्या अलीकडं शिरतेय. पण कुठून? डिझेल दिसायला पाहिजे जाताना. काचेसारखा पाइप पाहिजे."

शेजारच्या गवंड्याकडं पातळी बघायचा पारदर्शक पाइप होता. टेंपोवालीनं तो मागून आणला. टाकीकडून येणारा रबरी पाइप काढून तिथं तो जोडला, दोन्ही टोकांना तार आवळली. ड्रायव्हर कुबड्या घेऊन अंगणात आला. हे अंतर चालायला त्याला एवढा वेळ लागला की तोवर सासूनं खुर्ची आणून तिच्यावरची धूळही पुसली.

गाडी चालू झाली. पाइपातून डिझेल वाहू लागलं, पिवळट आणि स्वच्छ. सगळे बघत राहिले. मग टेंपोवालीनं केबिनमधून पेडल दाबलं, आणि पाइपात बारीक बुडबुडे आले. एकामागं एक, ओवल्यासारखे.

"आले बघ मणी!" सासू ओरडली.

ड्रायव्हर वाकून बघत होता. जोडाच्या तारा अजून आवळायला लावल्या, बुडबुडे तसेच. त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण जुना ड्रायव्हर आला. मग तो परत खुर्चीत मागं टेकला.

"हवा आहे. पण एवढ्याशा हवेनं गाडी मरत नाही. अर्धी चूक हवेची, अर्धी तुझ्या पायाची."

टेंपोवालीनं हातातला पाना बॉनेटवर ठेवला. हळूच ठेवला, आपटला नाही.

"मग चला."

"कुठं?"

"चढावर. शेजारी बसा. माझा पाय बघा."

बरोबर काय करायचं ते तिच्या डोक्यात तयार होतं. टाकी वाटेतून काढायची. एका स्वच्छ डब्यात डिझेल घेऊन डबा केबिनच्या टपावर बांधायचा आणि गवंड्याचा पाइप डब्यातून थेट पंपाला द्यायचा. गाडी चढली तर पंप चांगला, पाय चांगला, आणि चोर टाकीकडं. नाही चढली तर मिस्त्री म्हणेल ते करायचं.  ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "रिकाम्या गाडीचा काय उपयोग? भार पाहिजे."

कॅनात पाणी भरून भार करावा, तर पाणी कुठं होतं? म्हणून तिनं बांधावरचे दगड आणून टाकले. उन्हात दगड हाताला भाजत होते. ती पदर हातावर गुंडाळून उचलत होती. सासूही उचलायला आली, तिला तिनं सावलीत बसवलं. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे खाली बसले तेव्हा तिचे दंड लटलटत होते.

मग ड्रायव्हरला चढवणं. पायरी उंच. तिनं त्याच्याकडं पाठ करून त्याला खांद्यावर घेतलं, सासूनं मोडका पाय धरला. तो आजारपणात वाळला होता, तरी माणूस दगडापेक्षा जड असतो. डाव्या बाजूच्या सीटवर बसल्यावर तो बराच वेळ धापत राहिला. या गाडीत या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. आरसाही त्याला भलतंच काहीतरी दाखवत होता.

चढ सुरू झाला. दगड मागं कुरकुरले. टेंपोवालीनं दुसरा टाकला, पाय क्लचवरून काढून पार बाजूला ठेवला, त्याला दिसेल असा. इंजिनाचा आवाज भरदार होता, तुटक नव्हता.

"तिसरा टाक," ड्रायव्हर म्हणाला.

तिनं टाकला नाही.

मोटरसायकलवाला बोलून गेला ती जागा मागं गेली. तिचा दगड मागं गेला. वळणावर तिनं श्वास धरला. शेजारी ड्रायव्हरचा चांगला पाय फळीवर दाबला जात होता, तिथं पेडल नसताना. वळण गेलं. गाडी खिंडीच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली, इंजिन एकसारखं चालू.

 गाडी वळवून तिनं खाली आणली, डब्याचा पाइप काढला, टाकीचा परत जोडला, हवा काढली, आणि तोच चढ परत घेतला. तोच गिअर, तोच पाय. निम्म्यावर आचका बसला. दुसरा बसला. गाडी मेली.

मागं खेचणारा भार ब्रेकवर पेलत ती बसून राहिली. शेवटी ड्रायव्हरच बोलला.

"मिस्त्री पंप खोलणार होता. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"संन्यासी पंप एकटाच नव्हता," ती म्हणाली.

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता तापलेला डोंगर.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी तिनं टपावरच्या डब्यावरच मारली, आणि आल्याबरोबर टाकी रिकामी करून वरची चकती खोलली. चकतीला धरून टाकीच्या तळापर्यंत जाणारा पाइप बाहेर निघाला. त्यातूनच पंप डिझेल ओढायचा. वरवर बघता त्याला काही झालेलं नव्हतं. तिनं तो धुतला, पुसला. एक टोक अंगठ्यानं बंद केलं, पाइप कॅन धुतलेल्या बादलीत तिरका बुडवला आणि दुसऱ्या टोकानं फुंकर मारली. जिभेवर डिझेल आलं. पाण्यात काहीच दिसलं नाही. तिनं गाल फुगवून परत जोर लावला.

पाइपाच्या मध्यावर, तो टाकीतल्या पत्र्याला घासत होता तिथून, बुडबुड्यांची एक रेघ वर आली.

"केसाएवढी चीर," ड्रायव्हर पुढं वाकून म्हणाला. "टाकी भरलेली असली की चीर डिझेलमध्ये बुडालेली. तिथून डिझेलच आत जाणार. पातळी खाली गेली की उघडी पडते. चढाला पंप जोरात ओढतो तेव्हा डिझेलऐवजी हवाच ओढतो. दाब राहणार कुठून?"

तिला हे आता सांगायची गरज नव्हती, पण तिनं सांगू दिलं. बऱ्याच दिवसांनी तो गाडीबद्दल बोलत होता, तिच्याबद्दल नाही.

कथलाचा डाग त्यानं दिला. तिनं पाइप उन्हात खडखडीत वाळवला, गाडीपासून लांब, भिंतीच्या आडोशाला विस्तव केला. ड्रायव्हरनं तापलेला खिळा चिरेवर धरला. कथील वितळून चिरेत उतरलं. नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता, तो सासूनं पुसला, लहानपणी पुसायची तसा. मग परत बादली, परत फुंकर. पाणी गप्प राहिलं. पाइप परत घासू नये म्हणून टेंपोवालीनं त्या जागी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तार बांधली.

"ती कशाला?" ड्रायव्हर म्हणाला.

"परत चिरायला नको."

 हे त्याला सुचलं नव्हतं.

पुढच्या सकाळी तोही निघाला. म्हणाला, "चढावर ऐकतो कशी जाते." परत पाठीवर घेणं, परत पायरी, परत मोडका पाय. गाडी खिंड चढली, केंद्रावर सगळ्यांच्या आधी लागली. ड्रायव्हरला बघून माणसं गाडीभोवती जमली. साहेबही हात पुसत आला.

"आलात! वा! मी म्हणतच होतो, गाडीला आपला हात लागल्याशिवाय ती ऐकायची नाही. काय निघालं?"

टेंपोवाली मागं कॅन उतरवत होती. कॅन कडेला टेकवून ती थांबली.

"हवा धरत होती," ड्रायव्हर म्हणाला. "शोधून काढली."

कुणी, ते त्यानं सांगितलं नाही. साहेबानं विचारलंही नाही. कुणीतरी त्याला चहा आणून दिला. टेंपोवालीनं कॅन खाली घेतला आणि पुढच्याला हात घातला.

ती दोघं परत आली. अंगणात त्याला पाठीवर उतरवून घेताना त्याचं तोंड तिच्या कानाशी आलं.

"साहेबाला सांगायला पाहिजे होतं."

"काय?"

"तेच."

"मग सांगितलं का नाही?"

त्याचा सगळा भार तिच्या खांद्यावर होता. ती ओसरीपर्यंत चालत गेली. खाटेवर टेकल्यावर तो म्हणाला, "सवय नाही."

सासू कॅन घासता घासता पुटपुटली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बापाचंही असंच होतं." पण त्याच्यासाठी उशी सारखी करायला तीच उठली.

दुपारी टेंपोवाली एकटी गेली. साहेबानं डावीकडच्या रिकाम्या सीटकडं बघितलं.

"मालक नाही आले?"

"घरी आहेत. त्यांना बसवत नाही." तिनं कॅनाचं झाकण काढून त्याच्यापुढं ठेवलं. "साहेब, हवा कुठून शिरते ते मी शोधलं. डाग त्यांनी दिला. पुढच्या आठवड्याचं काय ठरवायचं असेल ते माझ्याशी बोला, गाडी मी आणते."

साहेबानं तिच्याकडं बघितलं, मग दुधाकडं. नाक जवळ नेलं. दूध गोड होतं.

"वेळेत येत असेल तर ठरवायचं काय त्यात?" तो म्हणाला आणि पुढच्या कॅनाकडं वळला. एवढंच. तिनं जास्त काही मागितलंही नव्हतं.

येताना गावासाठी चाऱ्याच्या पेंढ्या भरल्या, टपापर्यंत उंच. निघण्याआधी तिनं टाकीत काडी घातली. खूण अर्ध्याच्या खाली, चांगली खाली. आजवर हीच खूण गाडीला मारत आली होती. क्षणभर तिला वाटलं, वाटेत थोडं डिझेल भरून घ्यावं. मग तिनं काडी पुसून सीटखाली टाकली आणि चढ घेतला.

खिंडीचा हा पलीकडचा चढ लांब होता. ऊन उतरायला लागलं होतं, पेंढ्यांचा वास केबिनमध्ये भरला होता. तिचे गुडघे सवयीनं ताठ झाले. कान आचक्याची वाट बघत राहिले. गाडी ओढत राहिली, एकाच सुरात, न अडखळता. माथा दिसला, जवळ आला, पायाखाली आला.

माथ्यावर तिनं गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.  दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तिनं कपाळ हातांवर टेकलं. हाताला डिझेलचा वास होता, राखेचा होता, दुधाचा होता. रडू येईल असं वाटलं, पण आला तो नुसता थकवा. पाठीतून, खांद्यांतून, पिंडऱ्यांतून तो सावकाश खाली उतरत गेला. त्याला उतरू द्यायला आज तिच्याकडं वेळ होता.

खालून शेळ्या घेऊन एक म्हातारा वर आला. उभा टेंपो बघून थांबला, काठीनं चाकाकडं दाखवत म्हणाला, "बंद पडली का गं? दगड लावू?"

तिनं मान वर केली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मीच थांबवलीय."